दोष कुणाच्या नावावर?

आमच्या घरात दादाच्या आजाराची तीन कारणं ठरलेली होती आणि प्रत्येक कारणाला एकेक वकील होता. आत्याचं म्हणणं, हे वेड आईच्या माहेरचं. आईचा धाकटा भाऊ तरुणपणी घर सोडून गेला तो परतलाच नाही, हा तिचा पुरावा. मावशी म्हणायची, आमच्या वडिलांनी, अण्णांनी, मारून मारून पोराचं डोकं फिरवलं. भटजींच्या मते पितृदोष होता. त्यासाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा नारायण नागबळीही करून झाला. बातम्या देणारा माणूस आपल्याच नावानं इशारे देतोय म्हणून दादानं तेव्हा घरातला रेडिओ विहिरीत टाकला होता.

डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं निदान केलं, तरी हा खटला काही निकाली निघाला नाही. फक्त भाषा बदलली: जनुकं की बालपण?

संशोधनानं दिलेलं उत्तर आत्याला सोयीचं नाही आणि मावशीलाही नाही. शंभरात साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका दहात एकाच्या आसपास जातो. म्हणजे रक्ताचा वाटा मोठाच. पण एकाच बीजातल्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या पुढे जात नाही. शिवाय ‘वेडाचं जनुक’ म्हणून एक काही नसतंच. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात आजाराशी नातं सांगणाऱ्या जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ.

मावशीची बाजूही पोकळ नाही. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लहानपणी मारहाण, अत्याचार किंवा आबाळ सोसलेल्यांत सायकोसिसचा (स्किझोफ्रेनिया ज्यात मोडतो त्या आजारांचा) धोका जवळजवळ तिप्पट दिसला. तरीही मार खाल्लेल्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आमच्या आळीत पट्टा न खाल्लेला मुलगा शोधावाच लागला असता.

फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी आजारी आयांची दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. दत्तक घर भांडणाचं, टोचून बोलणारं असेल तिथे आजाराचं प्रमाण बरंच जास्त होतं. शांत, मोकळ्या घरात ते कमी होतं. रक्तात धोका नसलेल्या दत्तक मुलांवर मात्र वाईट घराचा तसा परिणाम दिसला नाही.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते अमेरिकेतल्या चार बहिणींनी. १९३० साली मिशिगनमध्ये एकाच बीजातून जन्मलेल्या या चौघी अभ्यासात ‘जेनेन’ या टोपणनावानं ओळखल्या जातात. बाप दारुडा आणि जाचक. पंचविशीच्या आत चौघीही आजारी पडल्या. तरी मायराचं लग्न झालं, मुलं झाली. घरात कायम कमी लेखल्या गेलेल्या हेस्टरला कधी नीट सावरताच आलं नाही. जनुकं तीच, छप्पर तेच, आणि आयुष्यं चार तऱ्हांची.

मी कॉलेजात पाली शिकवत असे. तिथेही हाच प्रश्न भेटायचा. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही जण म्हणतात. आपलं मत काय? बुद्ध यादीच देतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, देहाची हेळसांड, मारहाणीसारखा आघात, आणि आठवं कर्मफळ. सगळं कर्मावर घालणारे उघड दिसणाऱ्या गोष्टी डावलतात, असंही ते सांगतात. वर्गात मी हे सुत्त शिकवलं की कुणीतरी हमखास विचारायचं, ‘मॅडम, मग मुख्य कारण कुठलं?’ मुख्य कारण हवंच असतं, कारण त्याला धरून कुणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येतं.

विज्ञानाच्या नावानंही हेच झालंय. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी आजाराचा ठपका आईच्या वागण्यावर ठेवला आणि पुढे अनेक आयांना डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसावं लागलं. त्याआधी, १९३३ साली, जर्मनीत आनुवंशिकतेच्या नावानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. काही वर्षांतच तिथे रुग्णांना ठार मारायला सुरुवात झाली. एकदा बालपणाला धरलं, एकदा रक्ताला. दोन्हीकडे कारणाचा आरोप झाला.

माझ्यापुरता मी हिशोब वेगळा केला आहे. पाढा चुकला म्हणून अण्णांनी दादाला पट्ट्यानं मारलं, माळ्यावर कोंडलं. ते वाईट होतं. दादा पुढे कलेक्टर झाला असता तरी ते वाईटच असतं. त्या पट्ट्यानं आजाराला किती हातभार लावला, हे कुठलाही अभ्यास एका माणसापुरतं सांगू शकत नाही, आणि मारणं चूक ठरायला त्या उत्तराची वाट पाहायची गरजही नाही. आईचं म्हणाल तर तिचे घारे डोळे मला आले, त्याचा जाब तिला कुणी विचारला नाही. दादाला तिच्याकडून काही आलं असेल तर तेही तसंच आलं. तरी देवापुढे ती मरेपर्यंत माफी मागत होती.

रक्त माझंही तेच. घर तेच, मुलगी म्हणून पट्टा मात्र माझ्या वाट्याला आला नाही. मी ठणठणीत राहिले ही माझी पूर्वपुण्याई, असं आत्या कौतुकानं म्हणायची. कर्मसिद्धान्ताचा हा भाग मला सगळ्यात खुपतो. धडधाकट माणसाला तो सांगतो की तुझं आरोग्य ही तुझी कमाई आहे. मग शेजारच्या खाटेवरच्याचा आजार हीही त्याची कमाईच ठरते.

मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, “ताई, मामांना हे कशानं झालं?”

“नेमकं कुणालाच सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “भाचीला धोका शंभरात चारच्या आसपास असतो, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. दादा क्लोझापीन घेतो. त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासून पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. माझ्यानंतर त्याला तपासणीला न्यायचं काम हिच्याकडे येईल. ते चालणार असेल तर पुढचं बोलू.”