ताटातली पहिली निवड

उष्टावणाची तारीख ठरली की कोल्हापुरातल्या घरांत खरेदीची गडबड सुरू होते. गुजरीत चांदीची वाटी आणि चमचा घेतला जातो, महाद्वार रोडवर ताटात मांडायच्या वस्तू शोधल्या जातात. मामाच्या हातून खिरीचं पहिलं बोट चाटून झालं की बाळाला सतरंजीवर बसवतात आणि त्याच्यापुढे ताट सरकवतात. पाटी-पेन्सिल, पुस्तक, नाणं, सोन्याची अंगठी हे जुनं सामान. अलीकडे त्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप, प्लॅस्टिकची बॅट आणि कॅल्क्युलेटरही आला आहे. बाळ काय उचलतं याकडे सगळं घर डोळे लावून बसतं. पेन हाती लागलं की ‘वकील होणार’, नाणं लागलं की ‘दुकान काढणार’. कुणी हे गमतीनं म्हणतं, कुणी अगदी मनापासून.

बाळासाठी खेळणं निवडण्याचा हा बहुधा आपल्याकडचा सर्वांत जुना प्रसंग असावा, आणि तो धर्मविधी आहे. जीविकापरीक्षा हे त्याचं शास्त्रातलं नाव. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिणाऱ्या अपरार्कानं मार्कंडेयाचा आधार देऊन सांगितलं आहे की, अन्नप्राशनाच्या दिवशी देवतांच्या समोर बाळाभोवती शास्त्रं, शस्त्रं आणि कारागिरीची साधनं मांडावीत. बाळ ज्याला आधी हात लावील, ती त्याची उपजीविका समजावी. हा अपरार्क म्हणजे बाराव्या शतकातला उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य. त्याच काळात कोल्हापुरावरही शिलाहारांच्याच दुसऱ्या शाखेचं राज्य होतं.

इथे थोडं थांबायला हवं. ज्या समाजात कुंभाराचं पोर कुंभार आणि चांभाराचं पोर चांभार होणार हे जन्माआधीच ठरलेलं होतं, त्याच समाजाच्या शास्त्रात बाळाला उपजीविका निवडायला लावणारा विधी आहे. ताटात शस्त्रही आहे, शास्त्रही आहे आणि हत्यारही. बाळानं यातलं काहीही उचलावं. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र ताट आधीच रिकामं केलेलं असे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१८ मध्ये बलुतेदारी आणि महारवतनं बंद केली, तेव्हा कितीतरी घरांतल्या मुलांपुढे पाटी पहिल्यांदा आली. गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचं दुकान काढायला मदत केली आणि तिथला चहा स्वतः घेतला, ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगितली जाते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हाती कोणती उपजीविका असू शकते, याचं ते भर रस्त्यात दिलेलं उत्तर होतं. बाळाच्या हाताला फळ यायचं तर आधी ताटात वस्तू हवी. ती ठेवण्याचं काम मोठ्यांचं.

पण तत्त्वज्ञानाला याहून खोल प्रश्न पडतो. बाळाचा तो हात पुढे का जातो?

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात गौतमानं नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. त्याला आत्म्याचं नित्यत्व सिद्ध करायचं आहे आणि त्यासाठी तो पुरावा म्हणून पाळण्यातलं मूल पुढे करतो. नुकतं जन्मलेलं मूल हसतं, दचकतं, रडतं. या जन्मात तर त्यानं अजून काही अनुभवलेलंच नाही. मग हा आनंद, ही भीती, हे दुःख आलं कुठून? गौतमाचं उत्तर असं की पूर्वी केलेल्या अभ्यासाच्या स्मृतीतून. प्रतिपक्षी म्हणतो, छे, कमळ उमलतं आणि मिटतं तसंच हे. गौतम म्हणतो, कमळाच्या उमलण्यामागे ऊन, थंडी, पाऊस ही कारणं आहेत. विनाकारण तेही उमलत नाही. मग तो दुधाकडे वळतो: मूल आईच्या स्तनाकडे ओढ घेतं, कारण आहाराची सवय पूर्वजन्मातून आलेली आहे. प्रतिपक्षी पुन्हा उठतो. लोखंड चुंबकाकडे जातं, त्याला कुठे पूर्वजन्म आठवतो? यावर वात्स्यायनाच्या भाष्यात सुरेख उत्तर आहे. लोखंड चुंबकाकडेच जातं आणि मातीचं ढेकूळ जात नाही, म्हणजे त्या गतीलाही ठरावीक कारण आहे. तसंच बाळाच्या ओढीलाही असणार, आणि आहाराकडे वळणाऱ्या माणसांत ते कारण आठवण हेच दिसतं.

हा वाद वाचताना दोन्ही पक्षांबद्दल आदर वाटतो. बाळाच्या एवढ्याशा हालचालीला त्यांनी केवढं गंभीरपणे घेतलं! आजही ताटाभोवती बसलेल्या नातेवाइकांत हेच दोन पक्ष असतात. आजी म्हणते, ‘मागच्या जन्मीचं घेऊन आलंय.’ धाकटा काका म्हणतो, ‘चकचकीत दिसलं म्हणून उचललं, दुसरं काय.’ आजीचा गौतम, काकाचा चुंबक.

दोघांकडून एक गोष्ट मात्र निसटते, आणि ती ताटाच्या पलीकडे बसलेली असते. १९८५ साली अमेरिकेतल्या जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जाड काचेच्या टेबलाखाली पुढे पायरीएवढा खोलगट भाग दिसेल अशी रचना होती. पलीकडच्या टोकाला खेळणं होतं आणि आई उभी होती. कडेशी आल्यावर बाळं थबकत आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहत. आई हसरी असली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती असली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. खेळणं तेच, काच तीच, बाळाचा पूर्वजन्म असलाच तर तोही आपापला. फरक पडला तो फक्त चेहऱ्याचा.

म्हणजे वस्तू आणि बाळ यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी असतं. वर्षभराचं होईतो बाळ आईची नजर कुठे वळली ते हेरायला शिकतं. पेनाकडे पाहताना बापाचे डोळे चमकले, पोळपाट-लाटण्याकडे हात गेल्यावर आत्याच्या कपाळाला आठी पडली, तर त्याला ते कळतं. जीविकापरीक्षेत परीक्षा होते ती घराची. आपण कशानं आनंदतो आणि कशानं हिरमुसतो, हे त्या दोन मिनिटांत बाळाला दिसून जातं, आणि पुढची कितीतरी वर्षं दिसत राहतं.

चीनमध्ये हाच विधी पहिल्या वाढदिवसाला होतो. सहाव्या शतकातल्या यान झ्र-थुई या विद्वानानं त्याचं वर्णन केलं आहे: मुलांपुढे धनुष्यबाण, कागद आणि लेखणी, मुलींपुढे कात्री, मोजपट्टी, सुईदोरा. पुढे अठराव्या शतकात त्साव श्युए-छिन यांनी ‘लाल दालनातलं स्वप्न’ या कादंबरीत या विधीची कडू बाजू दाखवली. नायक बाव-यू वर्षाचा असताना नटण्याचं सामान आणि दागिने उचलतो. बाप चिडतो, हा पोरगा बाईलवेडा निघणार असा निकाल देतो आणि त्यानंतर त्याला जवळ करत नाही. वर्षाच्या लेकराचा हात चमकणाऱ्या वस्तूकडे गेला, एवढंच घडलं होतं. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यानंही इथे विचार करावा. बाळ संस्कार घेऊन आलं असेल तर ते आयुष्यभर उलगडायचे आहेत. पहिल्या स्पर्शावर शिक्का मारून मोठी माणसं त्या उलगडण्यालाच अडवतात.

मग ताटात काय ठेवावं? आपल्याकडच्या बेंदराकडे, म्हणजे बैलांच्या सणाकडे, पाहिलं तर एक वाट दिसते. गंगावेशीतल्या, शाहूपुरीतल्या कुंभारांकडून आणलेली मातीची बैलजोडी सकाळी देव असते. नैवेद्य होतो, आरती होते. नंतर कित्येक घरांत तीच जोडी पोरांच्या खेळात येते. पूजा झालेल्या वस्तूशी मूल खेळलं म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही. वस्तूचं मोल तिच्याशी काय केलं जातं त्यावर ठरतं, ही समज कोल्हापूरच्या मातीत आहेच. ती उष्टावणाच्या ताटापर्यंत यायला हवी.

आठ-दहा महिन्यांच्या बाळाची खरी भूक वेगळी असते. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वस्तू धरता येऊ लागते. झाकलेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे त्याच सुमाराला कळू लागतं. जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांच्या निरीक्षणातून ते मांडलं. म्हणून बाळ चमचा दहादा खाली टाकतं आणि दहादा त्याच्याकडे वाकून पाहतं. त्याला हवी असते वाटी आणि तिच्यावर बसणारं झाकण, रुमालाखाली लपवता येईल असा कापडी चेंडू, एकमेकांवर आपटता येतील असे दोन लाकडी ठोकळे. १६९३ मध्ये जॉन लॉकनंही हेच सुचवलं होतं: गुळगुळीत खडा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा लहानग्याला पुरतो, आणि खेळणी एका वेळी एकच द्यावी. त्यातला खडा मात्र या वयाला नको. आपल्या जुन्या ताटातलं नाणं आणि अंगठीही नकोच. सगळं तोंडात घालण्याचं हे वय. दोन्ही वस्तू घशात अडकतील एवढ्याच मापाच्या असतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा यात्रेतला लाकडी खुळखुळा घेताना रंग ओल्या बोटाला लागतो का, कड टोचते का, आतले मणी निसटतील का, हे घेणाऱ्यानंच पाहायचं. सावंतवाडीच्या खेळण्यांवर प्रेम असणाऱ्यांनी तर आधी पाहायचं. आणि मुलगी असो वा मुलगा, ताटात पळीही असावी आणि पाटीही. बाळानं कशालाही हात लावला तरी समोर बसलेल्यांचा चेहरा सारखाच फुललेला असावा.