जन्मभूमीची ओळख

शास्त्रपाठ : निर्गम २ : १–१०



दूर देशीं एक दांपत्य घराच्या भिंतीवर नकाशा टांगून बसलें आहे, अशी कल्पना करा. नकाशा आपल्या सोलापूर जिल्ह्याचा आहे. ज्या तीन वर्षांच्या मुलीस तें दत्तक घेणार आहे, ती तेथें जन्मली. अगोदर केंद्रीय प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग मुलीचें पारपत्र. हें सर्व होईपर्यंत त्यांस तिला आणावयास निघतां येत नाहीं. त्या रिकाम्या महिन्यांत तीं दोघें काय करितात? भीमा कोठें उगम पावते व पंढरपुराशीं तिला चंद्रभागा कां म्हणतात, हें वाचतात. तेथें पाऊस थोडा, म्हणून परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू पेरतात, हें शिकतात. भाकरी थापून पाहतात. ती मोडते, पुन्हां थापतात. आणि ‘पाणी’, ‘ये बाळा’, ‘नीज आतां’ हे शब्द घोकतात. कारण परक्या घरांत पहिल्या रात्रीं मुलगी तहानेनें उठली, तर तिच्या भाषेंतला एक शब्द तरी तिच्या कानीं पडावा.

कोणी म्हणेल, हा खटाटोप कशाला? मूल लहान आहे, विसरून जाईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. असें म्हणणें म्हणजे मुलाचा जन्म दत्तकपत्राच्या तारखेपासून मोजणें होय. फारोच्या कन्येकडे पाहा. पेटींतलें बाळ इब्र्यांचें आहे हें तिनें ओळखलें, व लपविलें नाहीं. त्यास दूध पाजावयास इब्री दाई आणूं दिली. ती त्याची आईच होती. पुढें तिनें त्याचें नांव ठेविलें, तेंही पाण्यांतून काढल्यावरून. राजवाड्यांत जो जो त्या मुलास हांक मारी, तो तो नकळत नदीची आठवण देई. मोठा झाल्यावर आपले बांधव कोण, हें मोशेला ठाऊक होतें.

आमच्या या दांपत्यास मात्र जन्मदात्रीचें नांव कळेलच असें नाहीं. जी आई मूल सोंपविते, तिला आपला कायदा फेरविचारास ६० दिवस देतो. आणि तिनें नांव गुप्त ठेवण्यास सांगितलें असेल, तर तिच्या लेखी संमतीवांचून तें उघड होत नाहीं. १९९३ चा हेग करार भारतानें २००३ मध्यें मान्य केला. त्यानें मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवण्याचें बंधन घातलें आहे. परंतु कपाटांतली माहिती निराळी, आणि मांडीवर बसवून सांगितलेली गोष्ट निराळी. आईचें नांव सांगतां येत नाहीं, तेव्हां आईची भूमि सांगावी लागते. म्हणून तो नकाशा.

आणि बंधूंनो, ती भूमि म्हणजे आपण आहों. १८ वर्षें पुरीं झाल्यावर त्या मुलीस आपल्या मुळाचा शोध स्वतः मागतां येतो. उद्यां ती गांवच्या पारापाशीं येऊन उभी राहिली, तर तिच्या कानीं काय पडेल? ‘टाकलेली पोर’? आपल्या मंडळ्यांतही हा शब्द सहज बोलला जातो. दारिद्र्यामुळें वा लोकलज्जेच्या भयानें जिनें पोटचें मूल परक्या हातीं दिलें, तिनें पेटी लव्हाळ्यांत ठेवणाऱ्या मोशेच्या आईपेक्षां कमी अश्रु ढाळले, असें कोण म्हणेल? तिच्याविषयीं कुजबूज करणें पाप आहे. तिनें झांकलेलें नांव फोडणें हेंही पाप आहे. जीभ आवरावी, आलेल्या लेकीस पाणी द्यावें, नदी दाखवावी.

आपण तरी कोण? ख्रिस्तामध्यें दत्तक घेतलेलीं लेकरें. कित्येकांस वाटतें कीं, देवाच्या घरीं आलों, तेव्हां आपला गांव, आपली बोली, आपले वाडवडील हीं सारीं लाजेचीं झालीं. तसें असतें, तर पित्यानें आपणांस दुरूनच हांक मारिली असती. पण त्याचा पुत्र आपली जन्मभूमि जाणावयास स्वतः आला. ज्या नासरेथाविषयीं लोक नाक मुरडीत, तेथें तो वाढला, तेथील बोली बोलला, तेथील भाकर त्यानें खाल्ली. घरीं नेण्यापूर्वीं त्यानें आपलें घर पाहिलें.

ज्यानें आपणांस असें ओळखून घेतलें, तो आपणांसही परक्याच्या लेकराचा गांव आदरानें जाणण्याची प्रीति देवो. आमेन.