चालवू देणारा

जालन्यात दोन मित्रांनी भागीदारीत ट्रक घेतले. एकाने ड्रायव्हर, भरणी आणि गिऱ्हाईक बघायचं, दुसऱ्याने वही. नफा निम्मा-निम्मा. रोलिंग मिलमधून सळई भरून गाड्या पुण्याकडे जात.

दहाचाकी गाडीचं पासिंग तिच्या स्वतःच्या वजनासकट २८.५ टन. सळई दिसायला थोडी, वजनाला भारी. चार बंडलं जादा टाकली तरी बघणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. तशी ती पडत गेली. एकदा ड्रायव्हर वहीवाल्याकडे आला. "भाऊ, मागचे पाटे बसलेत. उतारावर ब्रेक धरत नाही."

"गाडीचं ते बघतात," वहीवाला म्हणाला. "माझ्याकडे फक्त हिशोब."

आठवड्याने इमामपूर घाटाच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी काट्यावर घेतली. ३३.५ टन! जादा माल उतरेपर्यंत गाडी हलेना, आणि ज्याचा त्या जादा भाड्यात एक पैसाही नव्हता तो ड्रायव्हर रात्रभर गाडीपाशी बसून राहिला. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

खटल्यात दोन्ही भागीदारांची नावं आली. वहीवाला वकिलांकडे धावला. "मी तर स्टेअरिंगला हातही लावला नाही!"

"१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ गाडी चालवणाऱ्याला धरतं, चालवायला लावणाऱ्याला धरतं, आणि चालवू देणाऱ्यालाही," वकील म्हणाले. "दंड २० हजार, वर जादा टनामागे २ हजार. तुमचे झाले ३० हजार, माल उतरवायचा खर्च वेगळा. शिवाय कलम १९९ प्रमाणे कंपनीत भागीदारी पेढीही येते आणि संचालकाच्या जागी भागीदार."

"पण मला माहीत नव्हतं."

"ते शाबित करा, किंवा गुन्हा टाळायची सगळी काळजी घेतली होती हे दाखवा, म्हणजे सुटाल. पण तुमच्या संमतीने, कानाडोळ्याने किंवा हलगर्जीने हे घडलं असं दिसलं, तर सुटका नाही. वही आणलीय?"

वहीत प्रत्येक फेरीला काट्याची पावती टाचलेली होती. शेजारी त्याच्याच अक्षरात टनांचा आकडा, पुढे भाडं, खाली त्याचा निम्मा वाटा. जादा टनाचे पैसे घेणाऱ्याला जादा टनाचा गुन्हा दुसऱ्याचा म्हणता येत नाही. उतारावर ब्रेक लागला नसता, तर समोरून येणाऱ्या माणसाला या दोघांनी आपसात कामं कशी वाटून घेतली होती याच्याशी काय देणंघेणं होतं?

वहीवाल्याने दंड भरताना वाद घातला नाही. काट्याची पावती स्वतः पाहिल्याशिवाय तो आता बिल्टी करत नसे. एका गिऱ्हाइकाने जादा माल टाकायचा हट्ट धरला, तेव्हा त्याने उभं राहून बंडलं उतरवून घेतली. ते गिऱ्हाईक तुटलं. ड्रायव्हरला मात्र त्याने आधी गॅरेजला पाठवलं, आणि पाटे बदलेपर्यंत ती गाडी मालाला लावली नाही.