‘आजी, तशाच बसा’

हौशी फोटोग्राफर हा तसा निरुपद्रवी प्राणी. पोटासाठी फोटो काढत नाही, विकत नाही. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवायचा, पुण्याहून गाडी काढायची, भिगवण गाठायचं. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात. मासेमाराच्या होडीत बसून त्यांचे फोटो. परतताना एखादी वस्ती, चुलीपुढची म्हातारी, शेंबडं पोर. विचारलं तर म्हणतो, मी निसर्ग टिपतो, लोकजीवन टिपतो. माझ्या हौसेनं कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं, बाबा.

1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ती काढणाऱ्यांत विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकरीतला हौशी गडी होता. मुंबईच्या जातीजमातींवर त्यानं 1863 आणि 1866 साली दोन ग्रंथ काढले. माणसं एका ठिकाणी उभी करायची आणि मागचा देखावा भलत्याच फोटोतला चिकटवायचा. खाली जातीचं नाव. माणसाचं नाव नाही. पुढं लॉर्ड कॅनिंग आणि त्याच्या बायकोला मायदेशी न्यायला आठवण म्हणून इथल्या लोकांचे फोटो हवे झाले. कॅमेऱ्याचा नाद असलेल्या अधिकाऱ्यांनी ते जमवले. निव्वळ हौस! पण त्यातूनच 1868 ते 1875 या काळात सरकारनं ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. कोण इमानी, कोण चोरटी, असल्या शेऱ्यांसकट.

तेव्हा ‘मी पैसे घेत नाही’ हे उत्तर होत नाही. पेपरचा फोटोग्राफर निदान संपादकाला तरी बांधलेला असतो. हौशी माणसाला कुणी विचारणारा नाही. मग फोटोतल्या माणसानं तरी का विचारू नये?

म्हातारी विचारतेच, आपल्या परीनं. कॅमेरा बघून ती पदर सावरते. म्हणते, थांब लेकरा, तोंड धुते, चांगलं लुगडं नेसते. हा म्हणतो, ‘नको आजी, तशाच बसा. नॅचरल.’ त्याला फाटकं हवं असतं. सुरकुत्या, धूर, जर्मनचं चेपलेलं पातेलं. तिला चांगलं दिसायचं असतं. आता यात खरं कुणाचं? तो म्हणेल, धुतलेलं तोंड हा देखावा. मी म्हणतो, जन्मभर जिला दुसऱ्यांनी ठरवलं तसं राहावं लागलं, तिनं स्वतः ठरवलेलं ते एकच खरं. घराघरांत बाबासाहेबांचा सुटातला फोटो आहे. कुणी त्यांना ‘नॅचरल’ बसायला सांगितलं असतं तर?

निसर्गाचंही तेच. उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं दगडी देऊळ वर येतं. हौशी लोकांची झुंबड उडते. शिखर, पाणी, मावळता सूर्य, एखादा बगळा. फोटो छान येतात, नाही कोण म्हणतो? पण बुडालेल्या गावांना महारवाडेही होते, मांगवाडेही होते. मातीच्या भिंती पाण्यातून वर येत नाहीत. होडीवाला वल्हं मारत तिथूनच चाललेला असतो. त्याला विचारावं, इथं खाली काय होतं म्हणून. तो पक्षी दाखवतो, कारण त्याला तेवढंच विचारलेलं असतं.