ओळखणे सोपे, फोडणे अवघड

लखनौच्या अलीगंजमधल्या कपूरथला बाजारात कुणी फोनवरून 50 रुपये चुकते करतो, तेव्हा पलीकडचा सर्व्हर खरोखर ठरल्या संस्थेचाच आहे ना, हे फोन डिजिटल स्वाक्षरीवरून तपासून घेतो. अशा स्वाक्षऱ्यांच्या मुळाशी बहुधा मूळ संख्या असतात. आरएसए पद्धतीत 300हून अधिक अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार केला जातो. 617 अंकी उत्तर जाहीर होते आणि त्या दोन संख्या गुप्त राहतात. मूळ संख्या महत्त्वाच्या का, याचे नेहमीचे उत्तर असे की सगळ्या संख्या त्यांच्याच गुणाकारातून घडतात. ते खरे आहे, पण त्यातून गणितातले महत्त्व कळते, बाजारातले नाही. बाजाराला त्या उपयोगी पडल्या त्या एका दरीमुळे: संख्या मूळ आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे, पण मूळ नसलेल्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड. ही दरी दिसायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तिचा एक काठ पक्का बांधला गेला तो अलीगंजपासून शंभर किलोमीटरच्या आत, कानपुरात.

मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास सिद्ध केले. एराटोस्थेनिसची चाळणी आणि शाळेत शिकवतात ती भागून पाहण्याची रीत, दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत: संख्या मूळ नाही हे कळायचे तर तिचा विभाजक हाती लागला पाहिजे. 300 अंकी संख्येचे वर्गमूळच 150 अंकी, तेव्हा एकेका विभाजकाने भागत जायला विश्वाचे वयही पुरणार नाही. ही समजूत मोडली 1640 मध्ये, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण तेच. पिएर द फेर्माने सांगितले की प मूळ असेल, तर कोणत्याही पूर्णांकाचा प-वा घात घेऊन त्यातून तो पूर्णांक वजा केल्यास बाकीला प ने नि:शेष भाग जातो. आता 15 घ्या. 2 चा पंधरावा घात 32768. त्यातून 2 वजा केले की 32766. त्याला 15ने भागल्यावर 6 उरतात. म्हणजे 15 मूळ नाही, आणि हे कळताना 3 किंवा 5 यांचे नावही निघाले नाही. आरोपी सापडला नाही, तरी गुन्हा घडल्याचे सिद्ध झाले.

तरीही या दोन प्रश्नांची ताटातूट सावकाश झाली. गाउसने 1801 मध्ये ओळखणे आणि फोडणे ही दोन्ही कामे अंकगणितातली अत्यंत महत्त्वाची म्हणून एकत्रच नोंदवली. 1874 मध्ये जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने 8616460799 ही संख्या पुढे ठेवून विचारले की ही कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने आली, हे माझ्याशिवाय कुणाला सांगता येईल का? (उत्तर 89681 गुणिले 96079.) गुणणे आणि फोडणे यांच्या कष्टांतला फरक त्याला स्पष्ट दिसला होता, त्यातून कुलूप घडू शकते हे मात्र सुचायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. 1973 मध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्सला ते सुचले, पण गुप्त राहिले. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. तीच आरएसए पद्धत.

कुलूप घडवायचे तर मोठ्या मूळ संख्या झटपट ओळखता यायला हव्यात, आणि फेर्माची कसोटी इथे दगा देते: 561 ही संख्या 3, 11 आणि 17 यांचा गुणाकार असूनही प्रत्येक पूर्णांकासाठी ती कसोटी पार करते. गॅरी मिलरने 1976 मध्ये सुधारलेली कसोटी दिली, पण तिची खात्री रीमानच्या व्यापक गृहीतकावर टेकलेली होती. मूळ रीमान गृहीतकही अजून असिद्धच आहे. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा 1959 मध्ये कृषी-सांख्यिकीच्या एका नियतकालिकात केला होता. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. पण मूळ संख्यांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहण्याचे त्यांचे धाडस मला आजही मोलाचे वाटते. 1980 मध्ये मायकेल रॅबिनने गृहीतक बाजूला ठेवून मिलरच्या कसोटीत यदृच्छा आणली: दर फेरीला चूक होण्याची शक्यता फार तर एक चतुर्थांश. अखेर 6 ऑगस्ट 2002 रोजी आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बी.टेक. झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी गृहीतक आणि यदृच्छा दोन्हींवाचून चालणारी, अंकांच्या प्रमाणात माफक वेळ घेणारी रीत अवघ्या नऊ पानांत मांडली.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की संगणक आजही रॅबिनचीच कसोटी वापरतात, कारण ती वेगवान आहे. मग कानपूरच्या सिद्धतेचा उपयोग काय? वस्तुस्थिती बरोबर आहे. चाळीस फेऱ्यांनंतर चुकीची शक्यता इतकी नगण्य उरते की बँकेला तक्रारीला जागा नाही. पण प्रश्न मुळातच सोपा आहे, की आजवर आपले नशीब साथ देत होते, हे बँकेच्या समाधानावरून ठरत नाही. ते कानपुरात ठरले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पीटर शोरने 1994 मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर अवयव झपाट्याने पाडता येतील, मग मूळ संख्यांचे दिवस भरले का? आरएसएचे भरतील. मात्र तिची जागा घेण्यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या किल्ली-देवघेवीच्या नव्या पद्धतीतले मुख्य हिशेब 3329ने भागून उरणाऱ्या बाकीवर चालतात, आणि 3329 ही मूळ संख्या आहे. तिथे ही मूळ संख्या लपवायची नसते. मूळ संख्येने भागून उरलेल्या बाक्यांत शून्य सोडून कशानेही भागाकार करता येतो, हा गुण तिथे कामी येतो.

दरीचा दुसरा काठ मात्र अजून कच्चाच आहे. साध्या संगणकाला अवयव पाडणे खरोखर अवघड आहे, याची सिद्धता कुणाकडेच नाही. 2020 मध्ये 250 अंकी आरएसए संख्या फोडायला एका प्रोसेसर-गाभ्याच्या हिशेबाने सुमारे 2700 वर्षांचे गणन लागले, एवढा अनुभव आहे. पण 2002च्या आधी झटपट ओळखण्याच्या बाजूलाही गृहीतक किंवा यदृच्छा यांचाच आधार होता.