एका झाडाची फळे, ज्याचे त्याचे बीज

वारकरी घरांतून एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. तीन पिढ्यांची वारी, घरात वीणा, दारात तुळस, आणि लेकरे एकाच आईबापांची. त्यांतला एक पहाटे काकड्याला उठतो, दुसऱ्याला गळ्यातली माळ जड होते. आई कष्टी होऊन म्हणते, आमच्याच संस्कारात उणे राहिले. लोक म्हणतात, बीजातच खोट. आणि एखाद्या कीर्तनकाराचा मुलगा गोड गाऊ लागला की तेच लोक म्हणतात, रक्तातच आहे ते. तेव्हा भक्ती रक्तातून उतरते काय, याचा एकदा नीट विचार केला पाहिजे.

बीज आणि फळ यांचा दृष्टांत आपल्या संतांना प्रिय आहे. म्हणून हा प्रश्न आधी झाडालाच विचारू.

हापूसच्या एका झाडाला शंभर आंबे लागले, तर शंभरांची जात एकच, चव हापूसचीच. याचे कारण असे की साल आणि गर हे आईच्या झाडाचेच अंग आहे. फुलातला बीजकोश वाढतो, त्याचाच गर होतो. परंतु कोयीच्या आतला गाभा हा निराळा जीव. मोहोरावर माश्या बसतात, कुठल्या कुठल्या झाडांचे पराग आणतात. त्या गाभ्यात निम्मा वारसा आईचा, निम्मा परागाचा. आईकडून येणारा निम्मा वाटाही प्रत्येक कोयीत सारखा नसतो. म्हणून शंभर कोयी पेरल्या, तर शंभर तऱ्हेची झाडे उठतात. आंब्याच्या काही जातींत एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतली बहुतेक आईसारखीच असतात. हापूस मात्र त्यांतला नव्हे.

पपईचे पाहा. एका फळात शेकडो बिया, पण देशी पपईच्या त्याच बियांतून काही रोपे नर निघतात, काही मादी. म्हणून शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतो आणि फुले आल्यावर निवड करतो.

युरोपात ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) नावाचा एक धर्मोपासक होऊन गेला. त्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच तपासले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्या दाण्यांपासून वाढलेल्या २५३ झाडांना ७३२४ दाणे आले. त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. एकाच शेंगेत दोन्ही शेजारी शेजारी बसलेले! सुरकुती एक पिढी दिसेनाशी झाली होती, नाहीशी झाली नव्हती. १८६६ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले.

यावर कोणी म्हणेल, महाराज, मग घराण्याला काही किंमतच नाही का? आहे. नाव, बोली, कानावर पडलेला हरिपाठ, एकादशीचा उपास, हा सगळा घराने दिलेला गर आहे. तो खरा आणि गोडही आहे. पण गराच्या गोडीवरून आतल्या बीजाची हमी देता येत नाही.

मग हापूसचा हापूस टिकला कसा? कलमाने. खुंट म्हणून रायवळ कोयीचे रोप घेतात, त्यावर हापूसची काडी बांधतात. त्या खुंटाचे कूळ कोणी विचारत नाही. मुळी जिवंत असावी आणि सांधा घट्ट बसावा, एवढेच पाहतात. आपल्या संतमंडळींकडे पाहा. चोखोबा, सावतोबा, गोरोबाकाका, सेनामहाराज, मंगळवेढ्याची कान्होपात्रा. आणि संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना वाळीत टाकले, ती आळंदीची चार भावंडे. खुंट निरनिराळे, पण फळ एकाच नामाचे.

आता मुख्य गोष्ट. कलमाच्या आंब्याची कोय पेरली, तरी हापूस मिळत नाही. कलम दर पिढीत नव्याने बांधावे लागते. नामदेवरायांच्या हातून देव लहानपणीच नैवेद्य जेवला. तरी गोरोबाकाकांच्या थापटण्याने ते कच्चे ठरले आणि त्यांना विसोबांकडे जावे लागले. तुकोबांच्या घरी तर पूर्वजांपासून विठ्ठल आणि वारी. तरी बाबाजींचा अनुग्रह व्हावाच लागला. जिथे या थोरांना वारसा पुरला नाही, तिथे आपली काय कथा? फडाची गादी वंशाने मिळते, वीणा वारशाने हातात येते. अधिकार मात्र ज्याचा त्याने मिळवायचा असतो. गादीवर बसणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

बांधलेले कलमही राखावे लागते. सांध्याखालून रायवळाचे फुटवे येतात. ते खुडले नाहीत तर वरची काडी दुबळी होते. अनुग्रह झाला म्हणून अभिमान, मत्सर यांचे फुटवे यायचे थांबत नाहीत. यासाठीच नित्यनेम आणि संतसंगती.

शास्त्र सांगते, दृष्टांत एकदेशी असतो. झाडाला आपले कलम आपण मागता येत नाही, माणसाला येते. म्हणून कोणाच्या डोक्यावर बळेच माळ लादून सांधा जुळत नाही. दार उघडे ठेवावे, पंगतीला बोलवावे, वाट पाहावी.

आणि त्या कष्टी आईला एवढेच सांगणे. बाई, लेकरू तुमच्यासारखे झाले नाही, म्हणजे बीज खोटे ठरत नाही. ज्याला आज आपण हापूस म्हणतो, त्याचे पहिले झाडही कधीतरी एका कोयीतूनच उगवले असणार. त्या कोयीची आई हापूस नव्हती. देवाने नवे काय पेरले आहे, हे फळ धरेपर्यंत कोणाला कळत नाही. आपण पाणी घालावे, नाम घ्यावे, आणि पोराला टाकून बोलू नये.

रामकृष्ण हरि.