सव्वा मूठ

श्रावणातली नागपंचमी सरली, की तिच्यामागून येणाऱ्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. घाटावरच्या आणि कोकणातल्या वाचकांना हे नाव कदाचित नवे वाटेल, म्हणून दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे आणि नथ, रात्रभर बायकांची गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर बोळवण. वरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच. पण हा सण एका चुलीचा नव्हे. तो अवघ्या कुळाचा आहे. एका कुळातली पांगलेली घरे त्या दिवशी मूळच्या घरी गोळा होतात. ‘भाऊबंदकी’ या शब्दाला मराठीत भांडणाचा वास लागला आहे (तो बहुधा दिवाणी कोर्टाच्या आवारात लागला असावा). आमच्याकडे मात्र वर्षातून एक दिवस तरी त्या शब्दाला पुरणाचा वास येतो.

या दिवशी जो नैवेद्य होतो त्याला रोट म्हणतात. त्याचे गहू मोजण्याची एक रीत आहे. घरोघर ती थोडी थोडी बदलते; मी आमच्याकडची सांगतो. कुळातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घ्यायचे आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. काल जन्मलेल्या पोराचेही आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचेही सव्वा मूठच. जो आला नाही त्याचे नाव वगळायचे नाही. जो भांडून गेला त्याचेही नाही. हे गहू गिरणीत न्यायचे नाहीत, घरच्या जात्यावर दळायचे. मग पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, कांदा-लसूण वर्ज्य. आणि हा रोट खायचा तो फक्त कुळातल्या माणसांनी. सुना खातात, कारण लग्नाने त्या आमच्या झाल्या. लग्न झालेल्या लेकी खात नाहीत, कारण लग्नाने त्या दुसऱ्यांच्या झाल्या. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक होतो, आणि खरे सांगायचे तर तो अधिक चांगला असतो.

यंदा रोटाची पाळी माझ्याकडे होती. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचे गाव. माणसे आता गावात थोडी आणि बाहेर फार. निम्मे सुरतेत, काही पुण्या-नाशकात, दोघे कल्याणला. सुरत-भुसावळ लोहमार्ग अमळनेरवरून जातो, ही आमच्या कुळावर रेल्वेची मोठीच कृपा आहे. तो नसता तर कानबाईला दहा माणसेही जमली नसती. माझ्या आजोबांच्या काळी पोस्टकार्डे धाडीत. आता फोन करायचे असतात, आणि फोनवर ‘येतो’ म्हणणे पोस्टकार्डावर लिहिण्याहून सोपे असल्यामुळे त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे पाळी असलेल्या माणसाने ठरवायचे असते. शाळेत हजेरीपट भरण्याची सवय मला वीस वर्षांची. मी एक वही केली, घराणी पाडली, नावे लिहिली. लहानमोठे पुरुष त्रेसष्ट भरले.

गहू मोजण्याच्या वेळी आमचे जिभाऊ पाटावर बसून होते. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आज कुळात सर्वांत वडील. दिसते कमी, ऐकू मात्र नको तेवढे येते. मी नाव वाचायचे, माझ्या पुतण्याने मूठ टाकायची, आणि जिभाऊंनी मान हलवायची, असे चालले होते. जात्यापाशी आमची फुई, म्हणजे आत्या, खुंटा ठोकीत बसली होती. दरवर्षी रोटाचे दळण तीच दळते. सत्तरीला आलेली बाई सुरतेहून गाडीत बसून येते ती याच कामासाठी. तिच्या हातचे पीठ जसे पडते तसे आमच्या एकाही सुनेच्या हातचे पडत नाही, हे सुनाच कबूल करतात.

या फुईच्या सासरीही पूर्वी रोट होत. तिचा नवरा सुरतेच्या कापडगिरणीत लागला, दीर कुठे कुठे गेले, सासूबरोबर देवाचे नारळही गेले, आणि तिकडचे रोट बंद पडले. म्हणजे आमच्या कुळाचा रोट तिला चालत नाही, कारण ती तिकडची. आणि तिकडे रोटच उरलेला नाही. गेली तीस वर्षे ही बाई दोन्ही कुळांच्या मधल्या पायरीवर उभी आहे, आणि आमचे दळण दळते आहे.

त्रेसष्टावे नाव झाले आणि माझ्या मनात काय आले कोण जाणे. मी पुतण्याच्या हातून माप घेतल्यासारखे केले आणि कोणाचे नाव न घेता आणखी सव्वा मूठ सुपात सोडली. माझे मन त्या क्षणी मोठे प्रसन्न झाले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असले मूक प्रसंग फार आवडतात.

“किती मुठी झाल्या?” जिभाऊंनी विचारले.

“ऐंशी,” मी म्हणालो.

जिभाऊ चौथीपर्यंत शिकलेले. पण ती जुनी चौथी, जिच्यात पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी पोरांकडून घोकून घेत. ते क्षणभर ओठ हलवीत राहिले. “त्रेसष्टाचे पावणेएकोणऐंशी होतात,” ते म्हणाले. “ऐंशी होतात चौसष्टांचे. मास्तर, हा चौसष्टावा कोण?”

ओसरी शांत झाली. मी खरे ते सांगितले. मला वाटले होते त्याप्रमाणे कोणी ओरडले नाही. जिभाऊ म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मी जमेल तितके प्रामाणिकपणे इथे मांडतो, कारण त्या दिवशी मला त्याचे उत्तर सुचले नाही. ते म्हणाले, “तिला वाढायला माझा हात मागे येतो असे समजू नकोस. ती माझी बहीण आहे. पण कूळ म्हणजे कुठेतरी ओढलेली रेघच ना? रेघ पुसली तर उरते ती गावपंगत. गावपंगतीला सुरतेहून कोण येईल? आपण येतो ते इथे आपले नाव घेतले जाते म्हणून. नाव कोणाचे घ्यायचे हे ज्याची पाळी तो दरवर्षी आपल्या मनाने ठरवू लागला, तर पुढच्या पाळीवाल्याने तुझेच नाव गाळले तर तू काय म्हणशील?”

वाचकहो, जुन्या रीतीला आंधळी म्हणणे फार सोपे असते. पण त्रेसष्ट नावांच्या त्या हजेरीत एक न्याय होता हे मला नाकारता येत नाही. भांडून गेलेल्या माणसाचे गहूसुद्धा मोजले जातात, ही गोष्ट ज्या कोणाला सुचली त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. माणूस रुसला म्हणून त्याचे नाव पुसायचे नाही, हे आज किती घरांना साधते?

मी फुईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी असेल अशी माझी लेखकाची अपेक्षा. ती रागावली होती. “चोरीसन दिधेल माले नको रे भाऊ,” ती म्हणाली. “देनं व्हई ते समदासमोर दे.” आणि तिने जात्यात पहिला घास टाकला.

चोरून दिलेले नको, द्यायचे असेल तर सगळ्यांसमोर दे. एवढे बोलून ती दळायला लागली, आणि मी मात्र त्या वाक्यापाशी आज तीन महिने अडकून पडलो आहे.

कारण असे की, मी चोरून का दिले? जिभाऊंच्या भीतीने, असे मी आधी स्वतःला सांगून पाहिले. ते खरे नव्हे. समोर दिले असते तर कारण सांगावे लागले असते. ‘तीही या घरची आहे’ असे म्हणावे लागले असते. आणि ते वाक्य एकदा चारचौघांत तोंडातून गेले, की ते गव्हापाशी थांबत नाही.

मराठीत ‘वारसा’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आजीची गाणी, कुळाचा देव, घरची रीत यांनाही आपण वारसा म्हणतो, आणि तलाठ्याच्या दप्तरात ज्याची नोंद होते त्यालाही वारसाच म्हणतो. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून आपण फार जपतो. पहिल्या वारशावर दिवाळीत भाषणे करतो आणि दुसऱ्यावर बाकीचे वर्षभर दावे लावतो. माझे आजोबा वारले तेव्हा मी सातवीत होतो. त्यांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली बारा एकर काळी जमीन होती. तीन मुलगे आणि एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलगीही मुलाइतकीच वारस झालेली होती. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाप्रमाणे जन्मतःच वाटेकरी केले. आमच्या बाबतीत तितके लांब जाण्याचे कारणही नव्हते. चौघांना तीन तीन एकर, सरळ हिशेब. पण महाराष्ट्रात या हिशेबाला एक कागद जोडण्याची चाल आहे, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. फुईने ते दिले. तिला लुगडे-चोळी केली, जेवायला श्रीखंड होते, हे मला चांगले आठवते. तिघा भावांना चार चार एकर आले. त्यातले चार एकर आज माझ्या नावावर आहेत. म्हणजे त्यातला एक एकर, कागद काहीही म्हणो, फुईचा आहे.

कायद्याने जिला मोजले तिच्याकडून आम्ही सही घेतली. देवाने जिला मोजले नाही तिला मी गुपचूप सव्वा मूठ गहू देत होतो. माझे औदार्य नेमके जिथे स्वस्त होते तिथे उफाळून आले, हे त्या बाईने, जिला सहीपलीकडे लिहिता येत नाही, एका वाक्यात ओळखले. तिला जमीन हवी होती असे नाही. ती मागायची असती तर तिने केव्हाच मागितली असती. तिला हवे आहे ते नाव. आणि ते देताना देणाराच्या अंगाला काही तोशीस लागली तरच ते नाव खरे, असे तिला वाटत असावे. मलाही आता तसेच वाटू लागले आहे.

आमच्या जिल्ह्याचीच एक गोष्ट या संदर्भात सारखी मनात येते. जळगावजवळच्या आसोद्याची एक लेक जळगावच्या चौधरींच्या घरात दिली गेली. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती ओव्या रचीत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने उतरून घेतली नसती तर १९५१ साली ती गेली तेव्हा तिच्याबरोबरच सारे गेले असते. दुसऱ्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती कविता छापून आली. आणि २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. खानदेशच्या घराघरांतल्या पुरुषांच्या पिढ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत लिहिलेल्या सापडतात. मीही रामकुंडावर जाऊन माझ्या खापरपणज्याचे नाव वाचून आलो आहे, आणि वाचताना अंगावर काटाही आला होता. पण त्या खापरपणज्याने काय गायिले, कशाला हसला, हे त्या वहीत नाही. ते काही उरले असेल तर ते आमच्या फुईच्या दळणाच्या गाण्यांत आहे. यंदा माझ्या मुलीने त्यातली अकरा लिहून घेतली. फुई म्हणाली, अजून पुष्कळ आहेत, पण जाते फिरल्याशिवाय आठवत नाहीत.

असो. त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. जिभाऊंनी माझ्याकडून सव्वा मूठ गहू सुपातून परत काढविले. मला वाटले, ते आता रोजच्या कणगीत जातील. पण त्यांनी पंचा मागितला, त्याच्या कोपऱ्यात ते गहू बांधले आणि देव्हाऱ्यात कानबाईच्या चौरंगाखाली ठेवायला सांगितले. “याचा निकाल आखाजीला,” ते म्हणाले. “त्या वेळी लेकी गावात असतात. त्यांच्याबद्दल बोलायचे तर त्यांच्यासमोर बोला.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तो आमच्याकडे लेकींचा सण. सासरहून त्या येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागरी भरतात. लेकी आणि पितर एकाच दिवशी घरी येतात, हे माझ्या इतक्या वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते.

सोमवारी बोळवण झाली आणि फुईला गाडीवर पोचवायला मी अमळनेरला गेलो. फलाटावर मी तिच्याजवळ त्या एका एकराचा विषय काढला. ती हसली, आणि गाडी येईपर्यंत सुरतेतल्या पावसाविषयी बोलत राहिली. घरी आल्यावर मी माझ्या दोघा चुलतभावांना पत्रे लिहिली, फोन केले नाहीत. अशा गोष्टी फोनवर वाऱ्यावर जातात. एकाचे उत्तर आले आहे: वहिनीशी बोलून कळवतो. दुसऱ्याचे अजून नाही. घरात मंडळी म्हणाली, आधी आपले तर ठरवा. ते तिने बरोबर सांगितले, आणि तालुक्याला जाऊन काय काय कागद लागतात ते मी विचारून आलो आहे.

पंच्याची ती गाठ देव्हाऱ्यात आहे. दिवाळीची साफसफाई करताना मुलीने ती हलकेच उचलून पाहिली. वैशाखाला अजून अवकाश आहे आणि गव्हाला कीड लागायची, म्हणून मंडळींनी तिच्यात कडुलिंबाचा सुकलेला पाला घातला आहे.